सेटल झालेला बर्फ

परदेशी जायचं म्हटलं की सगळी गल्ली मावशीच्या बुकिंग ऑफिसात यायची. शेकडो लोकांना तिने विमानात बसवलं, स्वतः मात्र खुर्ची सोडली नाही. तिची एकच रीत: हॉटेलात स्वतः फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि माणूस काय बोलतो त्यापेक्षा कसा बोलतो ते ऐकायचं. "फोटो काय, मेकअप करून बसलेले असतात," ती म्हणायची.

आज समोर सख्खा भाचा होता, आईविना तिनेच वाढवलेला. त्याला पायाला फळी बांधून बर्फावरून घसरायचं होतं. दोन ठिकाणं उरली होती.

"पहिल्यात काय वाईट आहे रे?"

"रोपवेला ही रांग. वर पोचेपर्यंत मी रिटायर होईन. दुसरीकडे बघ, ताजा बर्फ, चिटपाखरू नाही."

"ऐन सीझनला?"

"म्हणूनच तर मजा."

मावशीने दुसरीकडे फोन लावला. लॉजचा मालक मोडक्या इंग्रजीत शब्द गिळत बोलला. बर्फ भरपूर, खोल्या रिकाम्या, या. मध्येच घरघर ऐकू आली, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं तशी. कसला आवाज, तिने विचारलं.

"नथिंग, मॅडम. स्नो इज सेटलिंग."

भाच्याने तोच घोगरा सूर हुबेहूब काढला. "नथिंग, मॅडम. बर्फसुद्धा सेटल झाला, घरात मीच तेवढा राहिलोय."

मावशीलाही हसू फुटलं. सेटल म्हणजे नोकरी, फ्लॅट, सून. त्यात घाबरायचं काय?

घरघर पुन्हा आली. या वेळी ती थांबेना आणि मालकाचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मावशीचं हसू मावळलं. सेटल म्हणजे बसणं. भिंत बसते, छप्पर बसतं, तसं?

"वर डोंगरावर कुणी आहे का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"तीन गेस्ट. सकाळी गेले. जेवायला येणार होते."

भिंतीवर देशोदेशीची घड्याळं होती. तिथल्या घड्याळात संध्याकाळ कधीच उलटून गेली होती.

भाचा मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. "मावशी, बुक करतोय. पासपोर्ट दे गं इकडे, नंबर टाकायचाय."

टेबलावरचा पासपोर्ट उचलून तिने पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

"दे ना. काय लहान मुलीसारखं."

"रांगेत उभा राहा तिकडे. नाहीतर घरी बस."

स्पीकर चालूच होता. मालक फोन तसाच टाकून दारापाशी गेला असावा. लांबून तो कुणाला तरी हाका मारत होता.