जळमटांचा झाडू आणि एक बास्केट

संध्याकाळी मुलींना ग्राउंडवर सोडायचं आणि सरळ घरी यायचं, असं आम्ही आया रोज ठरवतो. पण माझा पाय निघत नाही, आणि बाकावर बसलं की काहीतरी घडतंच. आता इतके किस्से साठलेत की नवरा दारातच म्हणतो, "आधी जेवायला वाढ, मग किस्सा!"

बंगळुरात बसवनगुडीतल्या आमच्या बास्केटबॉल टीममध्ये बारा वर्षांखालच्या सात मुली. माझी मीनल त्यातली सगळ्यात बुटकी. कोच रमेश सर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला असतात. सुटले की डबा खांद्याला, शिट्टी गळ्यात, थेट ग्राउंडवर.

पहिली मॅच व्हाइटफील्डच्या टीमशी. त्यांच्या मुली बसमधून उतरल्या तेव्हा मला वाटलं, या टीचर असतील! मुली मागून येतील!

अडतीस-शून्य हरलो. आमच्या सगळ्या रडायला लागल्या. सर म्हणाले, "सरी, ठीक आहे! शून्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही. आता काळजी मिटली."

माझी नाही मिटली.

*

ग्राउंडच्या सेक्रेटरी अण्णांनी सरांना बोलावून सांगितलं, "पुढच्या मॅचलाही शून्य, तर हे कोर्ट स्केटिंग क्लासला देणार."

"म्हणजे जिंकायला पाहिजे?" सरांनी विचारलं.

अण्णा हसायलाच लागले. "जिंकणं राहू द्या हो! एक बास्केट करून दाखवा!"

दुसऱ्या दिवशी आमच्या मुलींनी देवळात एक बास्केट मागितलं. मीनलनं दोन मागितली. का गं, म्हटलं, तर म्हणाली, "पंचांनी एक रद्द केलं तर?"

मुलगी माझ्यावर गेलीय.

*

सरावाला उंच मुली आणायच्या कुठून? सर म्हणाले, "अक्का, घरात जळमटं काढायचा लांब झाडू आहे ना? घेऊन या."

चार आया चार झाडू वर धरून बास्केटखाली उभ्या राहिलो. मुलींनी झाडूंवरून बॉल टाकायचा. समोरच्या घरातले आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी फाटकाशी आले आणि म्हणाले, "कॉर्पोरेशनच्या का तुम्ही? आमच्या गल्लीत कधी येणार?"

*

माझं एक वाईट आहे. मीनल उडी मारायला लागली की माझ्या तोंडून निघतंच, "सांभाळ गं!" गुडघा फुटेल, झाडू डोळ्यात जाईल, काय काय मनात येतं.

एक दिवस सर वैतागले. "अक्का, स्वल्प गप्प बसा!"

मी ओढणी तोंडात धरून उभी राहिले. मीनल बॉल घेऊन आली आणि नुसतीच थांबली.

"टाक की!" सर ओरडले.

"आई अजून ओरडली नाही," ती म्हणाली.

आई ओरडली की बॉल सोडायचा, अशी सवयच लागली होती तिला! सरांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "ओरडा, अक्का."

*

व्हाइटफील्डशी दुसरी मॅच आमच्याच ग्राउंडवर होती. त्यांच्या कोचनं हसत विचारलं, "या वेळी काय प्लॅन?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या अक्कांचा घसा."

आणि त्याच दिवशी माझा घसा बसला होता! काळजीनं की आदल्या दिवशीच्या ओरडण्यानं, देव जाणे. गरम पाणी, हळद, काही उपयोग नाही.

बाकावर शेजारी त्यांच्या नऊ नंबरची आई बसली होती. पुण्याची, आयटीतली. नऊ नंबर म्हणजे त्यांची सगळ्यात उंच मुलगी. बाई मला म्हणाल्या, "टेन्शन नका घेऊ हो, गेमच आहे." आणि स्वतः नखं खात होत्या.

तीस-शून्य. शेवटचं मिनिट. बास्केटजवळ मीनलच्या हातात बॉल आला. समोर नऊ नंबर, दोन्ही हात वर, अगदी आमच्या झाडूएवढी.

मीनल थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं. आवाजच नाही!

"टाक! टाक!" सर ओरडतायत, मुली ओरडतायत, ती हलेना. सेक्रेटरी अण्णा घड्याळ बघतायत.

नऊ नंबर बॉल हिसकायला झेपावली, तिचा पाय जरासा घसरला, आणि माझ्या शेजारच्या बाई ताडकन उठून ओरडल्या,

"सांभाळ गं!"

मीनलनं बॉल सोडला. झेपावलेल्या हातांवरून गेला, रिंगवर एकदा आपटला, आणि जाळीतून खाली!

आमच्या मुली कोर्टभर नाचत सुटल्या. नऊ नंबर कमरेवर हात ठेवून बाकाकडे वळली.

"आई! तू नक्की कुणाच्या टीममध्ये आहेस?"