ध्रुव एका वितेवर

आमच्या ह्यांचा आवाज माइकशिवाय निम्म्या गोरेगावात पोचतो. राधाकृष्ण गुरुजी म्हटलं की जीपवाले पुढची सीट सोडतात, आणि सेनगाव येईपर्यंत एकादशीचं महत्त्व ऐकून घेतात. कुणाचंही लग्न असो, हे घरच्यासारखे रागावतात, घरच्यासारखे रडतात. नवरीची पाठवणी होताना यांच्यापेक्षा हिची आई कमी रडते, असं म्हणायची पाळी येते.

माझ्या दिरांची नीलांबरी पुण्याला ताऱ्यांच्या जागा मोजायचं काम करते. फेब्रुवारीत तिचं लग्न आमच्याच अंगणात ठरलं. लावणार अर्थातच तिचे काका. आधी चार दिवस ती आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "काका, सप्तपदीनंतर ध्रुव खराखुरा दाखवायचा हं. दिसल्याशिवाय मी 'दिसला' म्हणायची नाही."

"दाखवतो की! इतक्या जोड्यांना दाखवला."

भाकरी थापता थापता मला हसू आलं. दुपारचं लग्न असलं की हे मांडवाच्या कापडाकडं बोट करतात, जोडपं मान हलवतं, बँड सुरू. संध्याकाळचं असेल तर उत्तरेचा सगळ्यात ठळक तारा तो ध्रुव.

दिवेलागणीनंतर आम्ही गच्चीवर गेलो. "तो बघ, कसा झगझगतोय!" हे म्हणाले. शेतातल्या पाइपाचा उरलेला तुकडा नीलांबरीनं त्या ताऱ्यावर धरला आणि सुतळीनं कठड्याला बांधला.

"यातून बघा. दिसतो?"

"बराबर मधोमध."

"आता जेवून येऊ."

जेवून आलो तर पाइपात नुसता काळोख. यांनी पाइप फुंकूनसुद्धा पाहिला. "काहून हलवलास गं?"

"मी नाही, काका, तारा सरकला. तो ब्रह्महृदय, दुसराच तारा. ध्रुव असा सरकत नाही."

यांचा चेहरा पडला. कठड्यापाशी टेकले आणि म्हणाले, "दुसरे गुरुजी बघा बाई. देवाब्राह्मणांसमोर खोटा तारा दाखवणाऱ्यानं लेकराचं लग्न लावू नये."

हे एकदा नाही म्हणाले की नाहीच. पण नीलांबरी शेजारी मांडी घालून बसली. "काका, तुमच्या पंचांगात ध्रुवाचा पत्ता असतो का?"

"न्हाई."

"कसा असेल? चंद्र, सूर्य, ग्रह ज्या रस्त्यानं जातात, त्या रस्त्यावरचे स्टँड म्हणजे तुमची नक्षत्रं. चंद्र रोहिणीत आला म्हणजे जीप सेनगावला आली. पण रस्ता सोडून लांब शेतात कुणी उभं असेल, तर स्टँडच्या नावानं कसं सापडावं? म्हणून आम्ही सगळ्याच आभाळावर उभ्या-आडव्या रेघा कल्पितो, पृथ्वीच्या नकाशावर असतात तशा. प्रत्येक ताऱ्याला दोन आकडे, की सापडला."

"पण मोजायला सुरुवात कुठून करता? आम्ही अश्विनीपासून करतो," हे म्हणाले. आवाजात थोडी जान आली होती.

"मार्चात सूर्य जिथं आकाशाचं विषुववृत्त ओलांडतो, तिथून. आणि उभ्या रेघा उत्तरेला जिथं एकत्र मिळतात, त्याच्या अगदी जवळ ध्रुव. हात सरळ लांब करा. वीत उभी धरा, करंगळी क्षितिजावर. आपल्याकडं तो एका वितेवर असतो. कन्याकुमारीला गेलात तर अर्ध्या वितेच्याही खाली."

यांनी वीत धरली. अंगठ्याच्या टोकाशी एक मंदसा तारा होता. "हा? एवढासा?"

पाइप तिकडं बांधला. पहाटे स्नानाआधी हे वर गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, आहे! तिथंच आहे!" गल्लीतली कुत्री जागी झाली.

खाली येऊन म्हणाले, "लग्न मीच लावतो. पण भर मांडवात खरं सांगावं लागंल. लोक हसतील."

"हसू द्या," मी म्हणाले. "देवापुढं खरं बोलायला लाज कसली?"

लग्नाच्या संध्याकाळी सप्तपदी झाली. बँडवाल्यानं पिपाणी तोंडाला लावली तेवढ्यात यांनी हात वर केला. "थांबा! दिवे घालवा." आणि सगळं वऱ्हाड घरामागच्या शेतात नेलं.

"गुरुजी, जेवणं थंड होऊन राहिली!" नवरदेवाची आई म्हणाली.

"होऊ द्या, विहीणबाई."

नवरदेव अनिरुद्ध लगेच म्हणाला, "दिसला."

"तो मोबाइल टॉवरचा दिवा आहे, जावईबापू! वीत धरा."

मग त्याला दिसला. नीलांबरी तर रोजच या ताऱ्यांत असते; तरी तिनं हिरव्या बांगड्यांचा हात लांब केला, नीट पाहिलं, आणि म्हणाली, "दिसला, काका."

हे लोकांकडं वळले. माइक नव्हताच. "मंडळी, आजवर मी ज्यांची लग्नं लावली, त्यांना भलताच तारा दाखवला. माफ करा. ध्रुव हा आहे."

मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले. तेवढ्यात आमच्या शेजारचा जळबा बोलला, "मंग गुरुजी, आमचं लगीन लागलं का न्हाई? लागलं नसंल तर आत्ताच सांगा!"

त्याची बायको सखुबाई फिसकारली, "घरात सून आली, अन् हा आता इचारून राहिला!"

सगळं शेत हसलं. हे सगळ्यात मोठ्यानं. "लागलंय जळबा, सुटका न्हाई. दर्शन तेवढं राहिलंय, ते घेऊन जा."

जळबा आला, सखुबाई आली. मग एकेक जोडी पुढं यायला लागली. अंधारात हात लांब केलेली माणसं आणि त्यांची कोपरं सरळ करत फिरणारे हे. वाढपी दोनदा बोलवायला येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा विहीणबाईंनीच त्याला थांबवलं आणि आपल्या यजमानांना हाक मारली, "अहो, इकडं या. आपलंही राहिलंय."