इराची कोले

स्पेनमध्ये राहणाऱ्या माझ्या नातीचा, इराचा, दुपारी, म्हणजे तिथल्या सकाळी, व्हिडिओ कॉल आला. "आजी, मी कोलेला चालले," ती म्हणाली. मला 'कोल्ह्याला' असंच ऐकू आलं.

सून म्हणाली, "आई, कोलेखियो म्हणजे शाळा. मुलं लाडानं कोले म्हणतात."

"म्हणजे कॉलेज?"

"नाही हो, कॉलेजला इकडे वेगळा शब्द आहे."

"आणि परवा तू एस्क्वेला म्हणालीस ते?"

"तीही शाळाच. नाच शिकवतात तीसुद्धा एस्क्वेला."

मी आणखीच गोंधळले. शाळा म्हटलं की मला ओल्या पाटीचा वास येतो. कोले म्हटलं की काहीच येत नाही. इराला काय येत असेल?

"इरा, तुझ्या कोलेत कसला वास येतो गं?"

ती विचारात पडली. "मराठीत नाही येत सांगायला."

"मग तुमच्या तिथल्या भाषेत सांग."

ती हातवारे करत भराभर बोलत सुटली. डोळे नुसते चमकत होते. मला एक अक्षर कळेना.

"समजलं, आजी?"

"नाही गं. पुन्हा सांग."

आणि तिनं न कंटाळता पहिल्यापासून सगळं सांगितलं, या वेळी जरा हळू.