प्रेस नंबर चारवरचा खडू

“सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले, आणि ह्यानं एक,” प्लांट हेडनी फॉर्म माझ्या टेबलावर आपटला. “पाहुणे यायच्या आधी ह्याला स्टोअरला हलवा, देशपांडे.”

ह्याला म्हणजे युनूसभाईंना. करमाडजवळच्या आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने सेटर. सेटर म्हणजे पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर साचा बसवून माप जुळवणारा माणूस. मी एचआरला. कारखाने आणि कामगार नवे बदल कसे पचवतात, याचा अभ्यास काही परदेशी संशोधक करत होते; फॉर्म त्यांचाच होता आणि पाहुणे म्हणजेही तेच. आमच्याकडचा बदल म्हणजे टॅब. मापं आता त्यावर बघायची. ‘टॅबमुळे काम सोपं झालं का?’ याला पाच मार्क द्या, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

“युनूसभाई, कशाला पंगा घेता? पाच करून टाका.”

“फॉर्मवर खरं लिहा म्हणून छापलंय ना, साहेब? टॅबमध्ये एकच आकडा हाय. चहाच्या सुट्टीपर्यंत मशीन गरम होतं, मग आकडा बदलावा लागतो. म्हणून मी मशीनवर खडूनं लिहून ठेवतो. दोनदा अर्ज दिला, कुणी बघितलाच नाय.”

अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये होते. तरी मी बदलीच्या कागदावर सही केली. पंचवीस वर्षं साचे बसवलेला माणूस बोल्टांची खोकी लावायला गेला. मला लाज वाटली, पण नोकरी मलाही प्यारी होती.

मग खंडेनवमीसारखी झाडलोट झाली. युनूसभाईंच्या प्रेस नंबर चारवरचा खडू प्लांट हेडसाहेबांनी स्वतः उभं राहून पुसून घेतला. “फॉरेनच्या लोकांपुढं शाळेचा फळा नको.”

पाहुणे आले साडेअकराला, चहाची सुट्टी झाल्यावर. नव्या सेटरनं टॅबमधलं माप लावलं. पहिला पार्ट कडेला फाटला. दुसरा, तिसरा तसाच.

“नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे,” साहेब पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले. लोखंडाच्या प्रेसला नेटवर्क कधीपासून लागतं, कोण विचारणार?

संशोधक बाईंनी विचारलं, हे मशीन नीट कुणाला कळतं? “आहेत एक. स्टोअरमध्ये,” मी म्हणालो. साहेबांना न विचारता दिलेलं हे माझं पहिलंच उत्तर.

युनूसभाई आले, मशीनवर हात ठेवला, माप किंचित फिरवलं. चौथा पार्ट स्वच्छ निघाला. तुम्हाला बदल नको का, असं बाईंनी त्यांना विचारलं.

“ना कौन बोला? टॅब चांगला हाय. दुसऱ्या आकड्याला जागा तेवढी द्या म्हणलो.”

मी हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. साहेब छताकडं बघत राहिले.

युनूसभाई दुसऱ्या दिवशी प्रेसवर परतले. टॅबमध्ये दुसरा रकाना आला आणि त्या कल्पनेबद्दल साहेबांचा शाल देऊन सत्कार झाला. युनूसभाई जोरात टाळ्या वाजवत होते.

“वाईट नाही वाटत?” मी विचारलं.

“कशाला? पुढच्या टायमाला त्यांना आधीच सांगायचं, ‘साहेब, तुमचीच आयडिया हाय.’ काम लवकर होतं.”

बदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच. तेव्हापासून मीही माझ्या सूचना अशाच मांडतो. एकही नामंजूर झालेली नाही.