अकराव्या कामापुढची लाल खूण

रशीदचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात दिवसभराच्या कामांची यादी करत होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. त्यांचा मुलगा इम्रान एवढंच म्हणाला, "ताई, अब्बा गेले. चहा पिऊन राहिले व्हते... बसल्या जागीच." मी दफनाची वेळ विचारली, कुणाकुणाला कळवायचं ते विचारलं आणि फोन ठेवून यादीत वरच्या बाजूला नवी कामं लिहिली. पहिलं काम होतं दारावर लावायची सूचना. चार ओळींचा मजकूर टाईप केला, बटण दाबलं, कागद बाहेर आला. त्यावर चाचांचं नाव तुटलं होतं. 'शेख अब्दुल' वरच्या ओळीच्या टोकाला आणि 'रशीद शेख महबूब' खालच्या ओळीत. मी हाताने ओळ सारखी केली, दुसरी प्रत काढली, दारावर चिकटवली आणि त्यांच्या घरी निघाले. नाव असं तुटू नये म्हणून चाचांनी स्वतः एक नियम लिहून ठेवला होता, हे मला वाटेत आठवलं. तो नियम चालत नव्हता, कारण तो मीच बंद पाडला होता. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

हिंगोलीतला आमचा छापखाना वडिलांनी सुरू केला आणि चाचा पहिल्या वर्षापासून तिथे जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, पान बांधायचं, उलटी अक्षरं सुलटी वाचायची. मराठी आणि उर्दू, दोन्ही. औंढ्याच्या यात्रेची हँडबिलं, लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, सगळं त्यांच्या बोटांतून गेलेलं. वडील गेल्यावर मी पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून परत आले, तेव्हा खिळे कधीच मोडीत गेले होते आणि चाचा संगणकासमोर बसून तयार सॉफ्टवेअरशी भांडत होते. एकाच पानावर डावीकडून येणारी मराठी आणि उजवीकडून येणारी उर्दू त्याला धड जमत नव्हती. मी ठरवलं, आपल्यापुरती का होईना, पण पानं बसवणारी स्वतःची प्रणाली लिहायची.

अशा प्रणालीचा मोठा भाग एकदा लिहिला की सहसा त्याला हात लावायचा नसतो. पण छापखान्यात रोज नवा पेच निघतो. म्हणून तिच्या पोटात एक छोटी भाषा बसवतात, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला आपले नियम आपणच लिहिता येतात. मी आधी चाचणीपुरती ल्युआ नावाची लहानशी भाषा बसवली. चाचा तेव्हा साठीच्या पुढे होते. मला वाटलं होतं नियम मी लिहीन, ते सांगतील. दोन महिन्यांत ते स्वतः लिहू लागले. आधी वहीत मराठीत नियम, त्याला क्रमांक, खाली ल्युआतल्या पाच-सात ओळी, सगळं सुवाच्य. 'श्री' ओळीच्या शेवटी एकटा सोडू नये. 'व' ओळीच्या टोकाला लोंबकळू नये. एक्केचाळिसावा नियम शोकसंदेशाचा होता, मयताचं नाव दोन ओळींत तोडू नये. एवढ्यासाठी वेगळा नियम काहून, असं मी त्यांच्याच बोलीत चिडवलं होतं. ते म्हणाले, "जित्तेपणी माणूस तुटतो ते बस झालं, ताई. मेल्यावर तरी सलग ठेवावं."

ही भाषा शिकवताना एकदा मी बोलून गेले की चाचा, ही भाषा एकापासून मोजते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग कुठून मोजणार?" मी हसले आणि नंतर कधीतरी सांगेन म्हणाले. बाकीच्या बहुतेक भाषा शून्यापासून मोजतात, रांगेतल्या पहिल्या माणसाचा क्रमांक तिथे शून्य असतो, हे त्या दिवशी सांगायला दोन मिनिटं लागली असती.

दोन वर्षांनी कायमची भाषा निवडायची वेळ आली. मी माझ्या पद्धतीने तक्ता केला. चार भाषा, सहा रकाने. वेग, आकार, शिकायला पुस्तकं किती, पुढे माणसं मिळतील का, असे. प्रत्येकाला गुण दिले. जावास्क्रिप्ट पुढे निघाली, कारण ती येणारी मुलं-मुली आता कळमनुरीतही मिळतात. निर्णय चुकीचा होता असं मला आजही म्हणता येणार नाही. पण ती प्रणाली रोज वापरणारा माणूस जगात एकच होता, तो माझ्यापासून दहा फुटांवर बसला होता, आणि सहा रकान्यांत त्याच्यासाठी एकही नव्हता. मी त्यांना निर्णय सांगितला, विचारलं नाही. त्यांनी वहीची पानं चाळली. मग म्हणाले, "माझ्या नियमांचं कसं?" तेव्हा वहीत त्रेसष्ट नियम झाले होते. मी म्हणाले, एका आठवड्यात सगळे नव्या भाषेत बदलून देते.

तो आठवडा आला नाही. निवडणुकीची छपाई आली, मग लग्नसराई आली. महिनाभर वाट पाहून चाचांनीच मी नव्या भाषेत लिहून दाखवलेल्या नमुन्याच्या ओळी समोर ठेवून एकेक नियम नव्या भाषेत लिहायला घेतला. पहिल्या एकोणीस नियमांत मोजणी नव्हती, ते बिनबोभाट चालले. मी ते पाहत होते आणि मनात माझ्या यादीतलं एक काम आपोआप होतंय म्हणून बरं वाटत होतं.

विसावा नियम नावांच्या याद्यांचा होता. यादीतलं एकेक नाव उचलून दोन स्तंभांत बसवायचा. तो त्यांनी लिहिला त्याच आठवड्यात साखरा गावातल्या एका शाळेची स्मरणिका छापायला होती. शेवटी दशकवार सगळ्या शिक्षकांची नावं. पानं वाढत होती म्हणून मीच ऐनवेळी सांगितलं, यादी दोन स्तंभांत घ्या, आणि घाईत शेवटचं प्रूफ काढलंच नाही. चारशे प्रती छापून, शिवून तयार झाल्या. न्यायला मुख्याध्यापक आले, सोबत गावातले एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी उभ्याउभ्याच शेवटचं पान उघडलं, यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा वरून फिरवलं. "आमचे गुरुजी कुठं हायेत?" ज्यांनी झाडाखाली ती शाळा सुरू केली, त्यांचं नाव नव्हतं. पाहिलं तर प्रत्येक दशकातलं पहिलं नाव गळालं होतं. चाचांनी मोजणी एकापासून केली होती, आणि नव्या भाषेने शून्यावरचा माणूस सोडून दिला होता.

मला कारण एका क्षणात कळलं. दोन पाहुणे समोर उभे होते. मी म्हणाले, "चाचा, उद्यापासून तुम्ही फक्त प्रुफं वाचा. नियमांना हात लावू नका."

त्यांच्या हातात ती स्मरणिका होती. ती त्यांनी मिटली, टेबलावर सरळ ठेवली. "बराबर हाय, ताई," म्हणाले. मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बसायला खुर्ची दिली आणि त्यांची माफी मागितली. संध्याकाळपर्यंत त्यांनी चूक स्वतः शोधून दुरुस्त केली, पान नव्याने छापलं, आणि दोन दिवसांनी एसटीने साखऱ्याला जाऊन चारशे प्रतींत ते पान स्वतः चिकटवून आले. मला म्हणाले होते, तुम्ही नका येऊ, कामं पडलीत. मीही गेले नाही. कामं खरंच पडली होती...

त्यानंतर दोन वर्षं ते फक्त प्रुफं वाचत राहिले. लाल पेन्सिल, बरोबर असलेल्या ओळीपुढे शेपूट वर ओढलेली बारीक खूण. नियमांची वही त्यांच्या खणात राहिली. कधी एखादी ओळ वाईट तुटलेली दिसली की ते मला दाखवायचे, "ही हातानं सारखी करावी लागंल." याला नियम आहे, असं एकदाही म्हणाले नाहीत. मीही बोलले नाही. मला वाटायचं, ते झालं गेलं विसरले. खरं तर मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

चाचा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या खणातून वही काढली आणि उरलेले नियम नव्या भाषेत लिहायला बसले. एका आठवड्याचं काम सांगितलं होतं, ते सहा दिवसांत झालं. एक्केचाळिसावा नियम घालून दारावरची ती सूचना पुन्हा काढून पाहिली. नाव एका ओळीत, सलग बसलं.

मधेच, मोजणीच्या नियमांपाशी, दोन्ही भाषांतल्या फरकांचं माझं जुनं टिपण हवं झालं. माझ्या याद्या मशीनच्या खोलीत दाराजवळच्या खुंटीला क्लिपमध्ये लावलेल्या असतात, सगळ्यांना दिसतील अशा. कामं संपली की त्या फाइलला लावायचं काम चाचांकडे होतं. फाइलमध्ये ती यादी मिळाली. 'भाषा बदलताना करायची कामे', एकूण चौदा. तेरा कामांपुढे माझ्या निळ्या पेनच्या फुल्या. अकरावं काम, माझ्याच अक्षरात: 'नवी मोजणी शून्यापासून. रशीदचाचांना सांगणे.'

त्याच्यापुढे निळी फुली नव्हती. लाल पेन्सिलीची खूण होती, शेपूट वर ओढलेली.

म्हणजे चूक कुणाची ते त्यांना माहीत होतं. साखऱ्याला एसटीने जाताना बहुधा माहीत होतं, प्रुफं वाचत बसलेली दोन वर्षं तर नक्कीच. माझं राहिलेलं काम त्यांनी पूर्ण झालं म्हणून नोंदवलं आणि कागद फाइलला लावला.

मी इम्रानला सगळं सांगितलं. साखऱ्याला जाऊन त्या म्हाताऱ्या गृहस्थांनाही सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण ते तर बोलले व्हते, माझ्या हातून झालं म्हणून."

ती यादी मी पुन्हा खुंटीला लावली आहे. नव्या याद्या तिच्यावर लावते, संपल्या की मीच फाइलला लावते, ती तेवढी तिथेच राहते. चौदाच्या चौदा कामांपुढे खूण आहे. अकरावी माझी नाही.