टाचेखालचा वारा

धप्प... हूऽऽ. धप्प... हूऽऽ.

हा आवाज आमच्या घरी शेवटचा झाला तेव्हा मी दहाएक वर्षांचा होतो. कातड्याच्या भात्यावर पाय पडला की धप्प, आणि वारा मातीच्या नळीतून भट्टीत शिरला की हूऽऽ. त्यानंतर पुष्कळ आवाज ऐकले. गोंदियाच्या राइस मिलचे, इटियाडोह धरणाचं पाणी सुटल्यावरचे, जीपचे. पण थकून खाटेवर पडलो की कानात हाच येतो.

दिवसभर भट्टी फुंकली की लोखंड निघतं ओंजळभर आणि कीट निघते टोपलीभर. कीट म्हणजे लोखंड वेगळं झाल्यावर उरलेला काळा, फेसाळ दगड. आमच्या सरांच्या संशोधनाचंही तसंच झालं. त्यातलं लोखंड काय ते शिकलेल्यांनी सांगावं. माझ्याकडे टोपलीभर किस्से पडून आहेत. उचलून फेकायला गेलो तर हात दुखतात, म्हणून सांगतो.

सर नागपूरच्या कॉलेजात धातूंचा विषय शिकवत. आमच्या भागात पूर्वी रानात लोखंड कसं काढत, ते त्यांना शोधायचं होतं. त्यांच्याबरोबर आम्ही तिघे. जीप चालवणारा गोंदियाचा जुगल, आमच्या गावचा डोमा आणि मी. डोमा आणि मी खणायचो, पोती उचलायचो. कीट रानात हवी तेवढी होती. सरांना हवा होता एक माणूस. स्वतःच्या पायांनी भाता चालवलेला, जिवंत माणूस.

"दगड खोटं बोलत नाहीत, सोमाजी," सर म्हणत. "पण ते बोलतच नाहीत हो!"

पहिल्याच दिवशी त्यांनी एक जाड वही उघडली होती. पहिल्या पानावर पहिलं नाव माझं घातलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कुणी भट्टी चालवली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी लिहिलं : नाही.

ते खोटं होतं. का बोललो, ते सांगतो पुढे.

*

ते साल नव्याण्णव. खणायला परवानगी पाहिजे म्हणून सरांनी भंडाऱ्याला अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, "तुमचं गाव आता आमच्याकडे नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला."

गोंदियाला गेलो. नवं ऑफिस. टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. तिथला बाबू उभ्यानेच म्हणाला, "पुराना रेकॉर्ड तो भंडारा में है."

अशा तीन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेला बाबूला आमची दया आली. त्याने विचारलं, "भट्टी कितनी पुरानी है?"

"असेल दोनशे वर्षांची," सर म्हणाले.

"तो इतनी जल्दी क्या है साहब? जिला तो अभी चार महीने का है!"

*

एकदा सरांना तो माणूस सापडला! सौंदडजवळच्या एका गावात एक म्हातारबा म्हणाला, "भट्टी ना? आयुष्य गेला माहा भट्टीपाशी!"

सरांनी त्याच्यासाठी चहा सांगितला, टेपरेकॉर्डर लावला. म्हातारबा दोन दिवस बोलत होता. आग कशी लावायची, ताव कसा ओळखायचा, झोप कशी येऊ द्यायची नाही. सरांची अर्धी वही भरली. माणूस खोटं बोलतो आहे, हे मला पहिल्या तासातच कळलं होतं. कोळशाचं नावच तो घेत नव्हता. पण मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "बाबा, आगीत टाकायचं काय?"

"कोंडा! दुसरा काय? अन् मंग वरच्या हौदातला धान शिजला का खाली घ्याचा."

तो आयुष्यभर राइस मिलच्या बॉयलरवर कामाला होता!

डोमा म्हणाला, "सर, टेप बंद करा. लोखंड नाई, हे तं पोहे निंगून रायले!"

जुगल हसून हसून स्टिअरिंगवर पडला. सरही हसले. मग त्यांनी म्हातारबाला दंडाला धरून घरापर्यंत पोहोचवलं, आणि परतीच्या वाटेत वहीतल्या त्या पानांवर आडव्या रेघा मारत गेले. त्यांचे केस तेव्हा कानाजवळ पांढरे झाले होते.

*

डोमाचा किस्सा तो अजून स्वतःच सांगतो. सरांनी तीन आठवडे फिरून कीटीचे तुकडे निवडले. काहींत जुन्या कोळशाचे कण अडकलेले होते. तो कोळसा मोठ्या शहरात पाठवला की भट्टीचं वय कळतं म्हणे.

डोमाला वाटलं, एवढ्या दूर न्यायचे, तर असे घाणेरडे कायले न्यायचे? त्याने सगळे तुकडे नहरावर, म्हणजे कालव्यावर नेले. ब्रशने घासले. उन्हात वाळवले. वरून जवसाच्या तेलाचा हात फिरवला.

"पाहा सर, कसे चकाचक!"

सर नहराच्या काठावर बसले.

"डोमाजी," ते म्हणाले, "तुम्ही दोनशे वर्षं धुऊन टाकली."

"मोठीच घाण होती ना सर!" डोमा म्हणाला.

सर त्याला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा पहिल्या टेकडीपासून सुरुवात केली.

*

एका पावसाळ्यात जीप बंद पडली, म्हणून आम्ही पोती रेल्वेने न्यायला निघालो. गोंदिया स्टेशनवर एका पोलिसाने अडवलं.

"क्या है बोरे में?"

"पत्थर," जुगल म्हणाला.

"कहां जा रहे हैं?"

"नागपूर."

पोलिसाने पोतं उघडलं, एक तुकडा नाकाला लावला, परत ठेवला. सरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळूच जुगलला विचारलं, "साहब के घर में कोई है नहीं क्या?"

*

आता माझं सांगतो.

माझा बाप, आजा, सगळे भट्टीवालेच. मी भात्यावर उभा राहत असे. एक दिवस कोळशासाठी झाडं तोडली म्हणून जंगलावरचे शिपाई बापाला घेऊन गेले. जाण्याआधी त्यांच्यातल्या एकाने वही उघडून हाच प्रश्न विचारला होता : भट्टी कोणाची? बाप खरं बोलला होता.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. त्याला बसता येत नव्हतं. उभ्यानेच त्याने कुऱ्हाडीने भाता फोडला आणि मला म्हणाला, "कोनी इचारला तं सांगजो, आमी मजूर आवो. भट्टी आमी पायलीच नाई."

पन्नास वर्षांनी सरांनी वही उघडली, तेव्हा तोंडातून ‘नाही’ निघालं. सरांची मला भीती नव्हती. वहीची होती. आणि पुढे भीती गेली, तर लाज आली. पहिल्या वर्षी सांगणं सोपं होतं. पाचव्या वर्षी कसं सांगायचं? दहाव्या वर्षी?

एकदा ठरवलं. जीपमध्ये म्हणालो, "सर, एक सांगायचं होतं."

"बोला सोमाजी."

तेवढ्यात चाक पंक्चर झालं. जुगलने चाक बदललं, आम्ही परत बसलो. सरांनी आठवणीने विचारलं, "काय सांगणार होता तुम्ही?"

मी म्हणालो, "स्टेपनीत हवा कमी आहे."

*

सर रिटायर व्हायला महिना राहिला होता. वर्षं बारा-तेरा होऊन गेली होती आणि तो माणूस काही सापडला नव्हता. मग सर म्हणाले, आपणच भट्टी बांधून बघू. पुढच्या महिन्यापासून जीपही नाही, कॉलेजचा पैसाही नाही. जे होईल ते आताच.

डोमाच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या कडेला छातीएवढी भट्टी बांधली. पुस्तकातल्या चित्रावरून भाते केले. लाकडाचे दोन खोल कटोरे, वर ताणलेलं कातडं, कातड्याला मधोमध छिद्र, आणि पाय उचलला की कातडं वर ओढणारी बांबूची काठी. नागपूरहून पोरं-पोरी आल्या, दोन मास्तर आले.

कोळसा आणि लोखंडाचा दगड भरून सकाळी आग लावली. पोरं भात्यावर चढली आणि नाचली. वारा जाईना. धूर उलटा त्यांच्याच तोंडावर आला.

"काका," जुगल माझ्या कानात म्हणाला, "इस पर तो चाय भी नहीं बनेगी!"

मास्तर घड्याळ बघू लागले. सर भट्टीच्या तोंडाशी वाकून स्वतः फुंकत होते. चष्मा काळा, डोळ्यांतून पाणी. ते स्वतःशीच म्हणाले, "एक जण भेटला असता ना..."

मी चपला काढल्या.

"पोरा, उतर खाली," मी म्हणालो. "पंजा नाई, टाच. छिद्रावर टाच बसली पाह्यजे. अन् एक टाच उठाच्या आंधी दुसरी पडली पाह्यजे. वारा तुटू द्याचा नाई."

साठ वर्षं झाली होती. गुडघे विसरले होते, टाचांना आठवत होतं.

धप्प... हूऽऽ. धप्प... हूऽऽ.

आग लाल झाली, मग पिवळी, मग पांढरी. मी थकलो की डोमा चढायचा, तो थकला की मी. दिवस कलताना भट्टी फोडली. नारळाएवढा गोळा निघाला. डोमाने त्यावर घण घातला. गोळा फुटला नाही, दबला.

"लोखंड!" पोरं ओरडली. टाळ्या वाजल्या. जुगलने मला चक्क उचललं!

सर गोळ्याकडे आलेच नाहीत. ते माझ्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी पिशवीतून ती जुनी वही काढली, पहिलं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. पहिलं नाव माझं. पुढे त्यांच्या अक्षरात : नाही.

मी मान खाली घातली.

त्यांनी वही मिटली, काखेत धरली आणि गोळ्याकडे न बघताच बांधावरून एकटे चालत गेले.