घरजावई न्यूट्रॉन

आसावरी बाईंना उदाहरणाशिवाय बोलता येत नाही. मळवलीजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवतात, मी मराठी. तळेगावहून आम्ही दोघी त्यांच्या स्कूटरवर येतो. पेशी म्हणजे स्वयंपाकघर, वीज म्हणजे नळाचं पाणी, असं काहीबाही त्यांचं वाटेतही चालू असतं. उदाहरण जमलं की आधी स्वतःच हसतात. मला हा स्वभाव आवडतो आणि त्याचा रागही येतो. एकदा बाई रंगात आल्या की समोर कोण बसलंय हे त्यांना दिसत नाही.

नववीला अणूची रचना शिकवताना त्यांनी फळ्यावर सोडिअम काढला. मधलं केंद्रक म्हणजे घर. घरात अकरा प्रोटॉन, ते घरचे. बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन म्हणजे कामाला गेलेली मंडळी, त्यांचं वजन धरायचंच नाही. घरचे किती, तो अणुअंक, आणि घराचं नाव त्यावरून ठरतं. अकरा आहेत तोवर सोडिअम, बारा झाले की मॅग्नेशिअम. इथवर ठीक होतं. मग कुणीतरी विचारलं, न्यूट्रॉन कोण?

"न्यूट्रॉन म्हणजे घरजावई," बाई म्हणाल्या. "राहतो घरातच, वजनही आहे, पण प्रभार शून्य. अकरा घरचे आणि बारा घरजावई, बेरीज तेवीस, हा झाला अणुवस्तुमानांक. पण घरजावई कितीही आणून बसवा, घराचं नाव काही बदलत नाही. त्याला विचारतो कोण?"

वर्ग पोट धरून हसला, आणि हसता हसता सगळ्यांनी माना वळवल्या त्या प्रेरणाकडे. तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रेरणाचे वडील, निवृत्ती, हे जवळच्या भाजे गावात घरजावई आहेत. सासऱ्यांची भातशेती तेच बघतात, सुट्टीच्या दिवशी लेण्यांच्या पायथ्याशी मक्याची कणसं भाजून विकतात. गाव त्यांना नावाने हाक मारत नाही, 'जावई' म्हणतं. आता पोरं 'न्यूट्रॉन' म्हणू लागली. प्रेरणा रविवारी वडिलांच्या हातगाडीपाशी बसायची, ती बसेनाशी झाली.

"विसरतील हो पोरं," बाई मला म्हणाल्या. पोरं नेमकं असलंच विसरत नाहीत, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

पुढे पालकसभा झाली. सगळे पांगल्यावर निवृत्ती मागे थांबले. इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात.

"बाई, एक इचारायचं व्हतं. पोरं मला न्यूट्रॉन म्हंत्यात. प्रेरणाला इचारलं तर सांगंना, उठून जाती. तुमच्या इषयातलं हाय म्हनं. चांगलं आसतंय का वंगाळ?"

मी शेजारीच होते. बाईंचा चेहरा पार उतरला. सांगून टाका, सांगून टाका, असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

"चांगला असतो," बाई म्हणाल्या.

"मंग काय न्हाई," म्हणत ते हसले आणि टोपी घालून गेले.

त्यानंतर ते जीपच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर स्वतःहून सांगू लागले, "मी न्यूट्रॉन हाय. बाई म्हनल्या, लय चांगला आसतोय." ऐकणारे हसत, आणि तेही त्यांच्याबरोबर हसत. ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत आली तेव्हा बाईंनी उघडलेला डबा तसाच बंद केला. "आधी मी त्यांची थट्टा केली, आणि विचारायला आले तर फसवलं," त्या म्हणाल्या. मी समजूत घातली नाही. खरंच होतं ते.

सोमवारी त्यांनी नववीत पुन्हा सोडिअम काढला. "मी तुम्हांला अर्धंच सांगितलं होतं. प्रोटॉन सगळे धनप्रभाराचे, एकमेकांना दूर ढकलतात. नुसते अकरा प्रोटॉन एकत्र राहूच शकत नाहीत. न्यूट्रॉन असतात म्हणून हे केंद्रक टिकतं."

प्रेरणा उभी राहिली. "बाई, हे खरंच हाय, का माझ्यासाठी सांगताय?"

"हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "घरजावई खोटा होता. तो विज्ञानात नाही, तो माझ्या तोंडचा. मला त्याची लाज वाटते." वर्गात कुणी हसलं नाही. प्रेरणा खाली बसली.

उरलं होतं निवृत्तींना सांगणं. बाई रोज उद्यावर ढकलत राहिल्या. शेवटी रविवारी मीच मागे बसले आणि स्कूटर भाज्याकडे घ्यायला लावली. लेण्यांच्या वाटेवर हातगाडी दिसली आणि बाईंनी करकचून ब्रेक दाबला. गाडीवर नवी पाटी होती, 'न्यूट्रॉन मका सेंटर'.

"अरे देवा," बाई पुटपुटल्या. त्यांना परत फिरायचं होतं, पण निवृत्तींनी पाहिलं होतं. बाई पुढे गेल्या आणि एका दमात सगळं बोलल्या. ते नाव माझ्याच तोंडून निघालं, चांगल्या अर्थाने नव्हतं, तुम्ही विचारलंत तेव्हा मी लपवलं, माफ करा.

निवृत्ती निखाऱ्यांवर वारा घालत राहिले.

"म्हाईत हाय, बाई. सोमवारीच पोरीनं समदं सांगितलं. घरजावई बी, आन् घर धरून ठेवतोय त्ये बी. पाटी तिनंच रंगवली."

प्रेरणा गाडीमागे कणसं सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण ती तिथे बसली होती.

बाईंना हायसं वाटलं असावं. त्या काही म्हणणार, तेवढ्यात निवृत्ती हळू आवाजात म्हणाले, "पर म्या इचारलं व्हतं तवाच सांगायचं व्हतं. मी समद्या गावाला सांगत फिरलो वो."

निवृत्तींनी भाजलेलं कणीस पुढे केलं, प्रेरणाने उठून त्यावर तिखट-मीठ लावलं, लिंबू चोळलं. बाईंनी ते तिथेच उभ्या उभ्या, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्लं. परतताना म्हणाल्या, खावंसं वाटत नव्हतं, पण टाकायची लाज वाटली.